कळवळा आणि हिशेब

श्रोतेहो, नमस्कार.

संकटात सापडलेल्या माणसाला मदत का करायची, हे तुम्हाला सांगायला नको. वाटेत लुटून जखमी केलेल्या परक्या माणसाला मदत करणाऱ्या चांगल्या शोमरोन्याची, येशूनं सांगितलेली गोष्ट तुम्ही लहानपणापासून ऐकलेली आहे. फक्त तिचा शेवट आठवा. जखमांवर तेल ओतून तो शोमरोनी थांबला नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं उतारशाळेच्या माणसाच्या हातावर दोन दीनार ठेवले आणि सांगितलं, जास्त खर्च झाला तर परत येताना देईन. दोन दीनार म्हणजे मजुराची दोन दिवसांची मजुरी. कळवळा आला, आणि पाठोपाठ पैशांची सोयही झाली. आज बोलायचं आहे ते या सोयीबद्दल.

आणि त्यासाठी येशूचा प्रेषित पौल यानं जमवलेल्या वर्गणीची हकिगत सांगायलाच हवी.

साल साधारण इ.स. ५५. यरुशलेमच्या मंडळीतल्या, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती समुदायातल्या, पुष्कळ लोकांचे हाल चालले होते. पूर्वी रोमचा सम्राट क्लौद्य कैसर याच्या काळात दुष्काळ पडला, तेव्हा अंत्युखियाच्या मंडळीनं पौल आणि बर्णबा यांच्या हाती मदत धाडली होती. आता पौलानं गलतिया, मासेदोनिया, अखया अशा दूरदूरच्या मंडळ्यांना हाक दिली. देणाऱ्यांतल्या बहुतेकांनी यरुशलेम डोळ्यांनी पाहिलंही नसेल.

अखयातल्या करिंथ शहराच्या मंडळीला, करिंथकरांना, त्यानं पद्धत घालून दिली. आठवड्याच्या पहिल्या दिवशी, प्रत्येकानं, आपल्या मिळकतीच्या मानानं काही बाजूला काढून ठेवायचं. पुन्हा ऐका: दर आठवड्याला, प्रत्येकानं, मिळकतीच्या मानानं. कारणही त्यानं दिलं आहे, मी आल्यावर वर्गणीची धावपळ नको. ऐनवेळी मागितलं की माणूस खिशात असेल ते देतो, आणि खिशात नेमकं थोडंच असतं.

करिंथकर उत्साहानं हो म्हणाले. वर्ष लोटलं, वर्गणी अपुरीच. इकडे मासेदोनियाचे लोक स्वतः हलाखीत असूनही, आम्हालाही वाटा उचलू द्या म्हणून पौलाच्या विनवण्या करत होते! आणि पौलानं तर त्यांच्यापुढे करिंथकरांची वाखाणणी करून ठेवलेली. त्यानं सरळ लिहिलं: मासेदोनियाची माणसं माझ्याबरोबर आली आणि तुमची तयारी दिसली नाही, तर माझी मान खाली जाईल, तुमची तर जाईलच. म्हणून त्यानं आपला सहकारी तीत याला पुढे पाठवलं. एकट्याला नाही. सोबत आणखी दोन बंधू दिले, त्यातला एक तर मंडळ्यांनीच निवडलेला. का? रक्कम मोठी आहे, तिच्या व्यवस्थेवरून कोणाला बोट दाखवायला जागा राहू नये. पौलासारख्या माणसालाही ‘माझ्यावर विश्वास ठेवा’ एवढंच म्हणून भागलं नाही.

त्यामुळे आपल्या मंडळीच्या मदतनिधीची पेटी एकट्यानं उघडू नये. एकमेकांच्या नात्यात नसलेल्या दोघांनी मिळून उघडावी, टेबलावर नोटा आणि नाणी वेगवेगळी लावून मोजावी, वहीत आकडा लिहून दोघांनी सह्या कराव्यात. मोजणी उद्यावर ढकलू नये. संशय शिरतो तो त्या एका रात्रीत. जमेचा आकडा सगळ्यांना सांगावा, मदत घेणाऱ्यांची नावं मात्र कोणालाही नाही. मदतीचं पाकीट हातात देताना फोटो काढणं तर कायमचं बंद व्हावं. आणि विषय निघालाच आहे तर, दानार्पणाच्या वेळी देणाऱ्यांची नावं वाचत बसण्यापेक्षा तो वेळ गाण्याला द्यावा. 

वस्तू देताना आधी विचारा. घरात माणसं किती, तान्हं मूल आहे का, चूल पेटते का. चूलच नसलेल्या घरी कच्चं धान्य पोचवलं तर ते पोत्यातच राहतं. कपडे धुतलेले, बटणं शाबूत असलेले, मापाप्रमाणे बांधलेले असावेत. फाटका सदरा घेणाऱ्याला त्याची किंमत दाखवतो. आणखी एक: संकटाच्या पहिल्या आठवड्यात सगळे धावतात, तिसऱ्या महिन्यात दारात कोणी नसतं. भाडं आणि औषधं तेव्हाच थकलेली असतात. म्हणून निधी एकदम संपवू नका, काही भाग मागे ठेवा. पुन्हा सांगावंसं वाटतं, काही भाग मागे ठेवा.

पौलाची वर्गणी अखेर जमली. यरुशलेमला निघाला तेव्हा त्याच्याबरोबर बिरुयाचा सोपत्र, थेस्सलनीकाचे अरिस्तार्ख आणि सकुंद, दर्बेचा गायस, तीमथ्य, आशियाचे तुखिक आणि त्रफिम अशी माणसं होती. जहाजानं जायचा बेत होता, पण घातपाताचा कट कळला म्हणून मासेदोनियातून लांबची वाट धरावी लागली. पण त्याला खरा घोर वेगळाच होता. रोमच्या मंडळीला लिहिताना त्यानं प्रार्थनेची मागणी केली, ती ही मदत यरुशलेमच्या लोकांनी गोड मानून घ्यावी म्हणून. ती त्यांनी कशी घेतली, हे बायबलमधलं ‘प्रेषितांची कृत्ये’ हे पुस्तक सांगत नाही. पण घेणाऱ्याच्या मनाची एवढी काळजी देणारा करत होता, आणि तीही पैसे पोचण्याच्या आधी.