थंडीआधीचे आठ दिवस

पहाट. तापीच्या अंगानं धुक्याचा पट्टा, उत्तरेला सातपुड्याची कड अगदी स्वच्छ. ऑक्टोबरचा उकाडा सरलाय, कडाक्याची थंडी अजून यायची आहे. जळगाव जिल्ह्यातल्या रावेर, सावदा, यावल या केळीच्या पट्ट्यात नोव्हेंबरातले हे आठ दिवस माणसाला सुखाचे आणि केळीलाही. जमिनीत ओल, दिवसा ऊन; पान भराभर सुटतं.

बागेची खरी तयारी याच दिवसांत होते. पारा १६ अंशांखाली गेला की नवं पान रेंगाळतं, १० च्या आसपास वाढच थांबते. निसवायला, म्हणजे घड बाहेर टाकायला आलेल्या झाडाचा घड खोडाच्या गळ्यातच अडकतो. बाहेर पडलेल्या घडाच्या सालीत चीक गोठतो, तपकिरी रेघा उमटतात आणि पिकल्यावर फळ मळकट दिसतं, पिवळंधमक होत नाही. मार बसतो एका रात्रीत, पण कळतो कित्येक दिवसांनी. तेव्हा धावपळ करून उपयोग नसतो.

आधी घड. सगळ्या फण्या मोकळ्या झाल्या की केळफूल काढून टाकायचं आणि १०० गेज जाडीची, २ टक्के छिद्रांची प्लास्टिकची पिशवी चढवायची. वरचं तोंड दांड्याला बांधायचं, खालचं उघडंच ठेवायचं. बिनछिद्राच्या पिशवीत घाम साचतो आणि फळं डागाळतात.

दवाच्या दिवसांत करपा, म्हणजे पानांवर डाग पाडणारा बुरशीचा रोग, वाढतो. पानाचा डागाळलेला भाग तेवढाच कापायचा आणि बागेबाहेर न्यायचा. अख्खी हिरवी पानं उतरवली तर घड पोसणार कशावर? निसवताना झाडावर १० ते १२ चांगली पानं हवीतच.

पाण्याची वेळ आता बदलते: दिवसाऐवजी रात्री, पहाटेकडे. विहिरीचं पाणी त्या वेळी हवेपेक्षा कोमट असतं, ओली जमीनही ऊब धरून ठेवते. पण वाफसा, म्हणजे मातीतला ओल आणि हवेचा मेळ, मोडेल इतकं पाणी नको. मुळं गुदमरली की थंडी दुप्पट बाधते.

उत्तरेच्या वाऱ्याला आड म्हणून शेवरीच्या झाडांची रांग उत्तम, पण ती लागवडीबरोबरच लावावी लागते. यंदा नसेल तर त्या बाजूनं हिरवी जाळी ताणून घ्या. नुकत्याच लावलेल्या कांदेबागेतली (ऑक्टोबरच्या सुमारास लावतात ती केळी) रोपं लहान आहेत, त्यांना आधी आडोसा.

बांधावर ओलसर काडीकचऱ्याचे ढीग आत्ताच रचून ठेवायचे. थंडीच्या पहाटे ते धुमसले पाहिजेत, भडकता कामा नयेत. जाळ झाला तर कडेची पानं होरपळतात. वारा पडलेला असेल तरच धूर बागेवर बसतो. वारं सुटलं असेल तर ढीग पेटवूच नका.

तापमापक घराच्या भिंतीला टांगू नका. भिंतीला दिवसाची ऊब असते, आकडा फसवा येतो. गार हवा उताराला वाहत जाऊन साचते, म्हणून तो बागेतल्या सर्वांत सखल कोपऱ्यात, सावलीत लावा. पहाटे आधी तिथं जा.