आपला जोड आपणच तोडून पाहावा

श्रोतेहो, नमस्कार.

पोटापाण्याचा व्यवसाय वेगळाच, पण सुट्टीच्या दिवशी लोखंड जोडायला बसायचं, अशी माणसं आता ठिकठिकाणी दिसतात. याला मशीनही कारण आहे. वेल्डिंगचा जुना ट्रान्सफॉर्मर जागचा हलवायचा तर दोघे लागायचे. आजचं लहान इन्व्हर्टर मशीन एका हाताने उचलता येतं. छंद म्हणून वेल्डिंग शिकायला निघालेल्या या मंडळींशी मला आज बोलायचं आहे.

व्यवसायाने वेल्डर असणाऱ्याच्या कामावर कुणाची तरी नजर असते. पाइपलाइनच्या जोडाचा एक्स-रे काढतात, नमुन्याचा तुकडा वाकवून पाहतात, तपासनीस सही करतो. हौशी माणसाच्या मागे यातलं कुणीच नसतं. जोड वरून छान दिसला, घरच्यांनी कौतुक केलं, की झालं. म्हणून माझं आग्रहाचं सांगणं आहे: जोडायला शिकताना पहिल्यापासून तोडायलाही शिका. आपला जोड हातोड्याने फोडून त्याच्या आत काय झालं हे ज्याने पाहिलं, त्यालाच वेल्डिंग कळायला लागतं.

मुळात होतं काय? मशीनमधून दोन जाड केबल निघतात. एक अर्थिंगची, ती कामाच्या लोखंडाला चिमट्याने लावायची. दुसरीच्या टोकाला होल्डर आणि होल्डरमध्ये रॉड, म्हणजे जोडात वितळत जाणारी धातूची काडी. रॉडचं टोक लोखंडाला टेकवून किंचित उचललं की मधल्या फटीत आर्क, म्हणजे विजेची सलग ठिणगी, पेटते. त्याची उष्णता काही हजार अंशांची असते आणि साधं पोलाद १५०० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतं. तेव्हा वितळवणं ही खरी अडचण नाहीच. अडचण हवेची आहे. वितळलेलं लोखंड हवेतला ऑक्सिजन आणि नायट्रोजन शोषून घेतं, मग थंड झाल्यावर ते ठिसूळ होतं, त्यात भोकं राहतात. त्यावरचा इलाज म्हणजे रॉडवरचा लेप. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात स्वीडनच्या ऑस्कर शेलबर्ग यांनी लेप दिलेला रॉड पुढे आणला. जहाजांचे बॉयलर दुरुस्त करताना जोड भक्कम व्हावेत, ही त्यांची गरज होती. लेप जळून वायू होतो आणि हवेला दूर ठेवतो, उरलेला लेप स्लॅग होऊन जोडावर पांघरूण घालतो.

मिग मशीनमध्ये तार आपोआप पुढे येत राहते, त्यामुळे अनेकांना तिथूनच सुरुवात करावीशी वाटते. मी मात्र आधी साधी रॉडची पद्धत शिका असं म्हणेन. मिगवर पहिल्याच दिवशी गुळगुळीत, देखणी रेघ निघते आणि ती खालच्या लोखंडाला नीट धरलेलीच नसते, असं अगदी सहज घडतं. नवशिक्याला फसवणारी याहून वाईट गोष्ट नाही. रॉड तसा फसवत नाही, चुकलं की लगेच चिकटतो. टिग, म्हणजे टंगस्टनच्या टोकाने आर्क पेटवून करायचं वेल्डिंग, नंतर कधीतरी, हात स्थिर झाल्यावर.

रॉड घ्यायचा तो ई-६०१३, अडीच मिलिमीटरचा. यातल्या ६० या आकड्याचा अर्थ, त्याचा जोड दर चौरस इंचाला किमान ६०,००० पौंड ओढ सहन करेल असा. नंतरचा १ सांगतो की हा रॉड आडव्या, उभ्या, डोक्यावरच्या, कुठल्याही जोडाला चालतो. शेवटच्या आकड्यावरून लेपाचा प्रकार कळतो. पाच-सहा मिलिमीटर जाडीच्या पट्टीवर ७० ते ९० अँपिअरच्या दरम्यान सुरुवात करा, पाकिटावर मर्यादा छापलेली असतेच. पट्टीवरचा गंज आणि रंग ग्राइंडरने आधी पूर्ण काढायचा.

पहिले काही दिवस काहीही जोडू नका. पट्टीवर नुसत्या रेघा ओढा. आर्क पेटवायचा तो काडेपेटीवर काडी ओढावी तसा. पेटला की रॉडच्या आतल्या तारेच्या जाडीइतकंच अंतर राखायचं. इथे हाताची परीक्षा असते, कारण रॉड जळून आखूड होत जातो. म्हणजे हात पुढे सरकत असतानाच खालीही येत राहिला पाहिजे. रॉड चिकटला तर मनगटाने बाजूला झटका द्या. नाहीच सुटला तर होल्डर दाबून रॉड सोडून द्या, आणि तोवर हेल्मेट वर करू नका. सुटताना आर्क पुन्हा भडकू शकतो.

रेडिओवरून रेघ दाखवता येत नाही, पण आवाजाबद्दल सांगता येईल, आणि वेल्डिंगमध्ये आवाजाला फार मोल आहे. अंतर आणि करंट बरोबर असले की एकसारखी, भरीव चरचर ऐकू येते. आवाज मोठा, घोगरा झाला आणि ठिणग्या दूरवर उडू लागल्या, तर रॉड लांब गेला आहे. आवाज दबून गुदमरू लागला, तर रॉड फार जवळ आहे किंवा करंट कमी आहे. अनुभवी वेल्डर पाठमोरा उभा राहून नवशिक्याला 'खाली घे' असं सांगतो ते याच भरवशावर.

डोळ्यांनी काय पाहायचं? आर्ककडे नाही. आर्कच्या मागे वितळलेल्या धातूचं लहानसं डबकं तयार होतं, त्याच्या कडा पाहायच्या. त्या दोन्ही बाजूंच्या लोखंडात मिसळताना दिसल्या तरच पुढे सरकायचं. डबक्यावर तरंगणारा स्लॅग आणि खालचा धातू वेगवेगळे ओळखू यायला वेळ लागतो. मला विचाराल तर हे ओळखू येणं हाच सगळ्या शिक्षणातला सर्वांत मोठा टप्पा आहे.

मग पहिला जोड. एका पट्टीवर दुसरी उभी ठेवा, गुण्या लावा, दोन्ही टोकांना वेल्डचा छोटा टाका मारा आणि एकाच बाजूने वेल्ड करा. थंड झाल्यावर चिपिंग हॅमरने स्लॅग काढून जोड नीट बघून घ्या. मग खालची पट्टी शिकंज्यात घट्ट धरा आणि उभी पट्टी वेल्डच्या बाजूला मोठ्या हातोड्याने पाडा. डोळ्यांवर चष्मा हवाच.

आता तुटलेला पृष्ठभाग वाचायचा. कोपऱ्यात उभ्या पट्टीची मूळ धार सरळच्या सरळ शाबूत दिसली, तर उष्णता मुळापर्यंत पोचलीच नाही. करंट कमी होता किंवा आर्क कोपऱ्यात न जाता एकाच पट्टीवर राहिला. काळे काचेसारखे तुकडे अडकलेले दिसले, तर स्लॅग आत गाडला गेला. बारीक भोकं म्हणजे गंज, रंग, तेल किंवा ओलसर रॉड. धातू भोक न पडता, सलग दाणेदार फाटला असेल, तर मनापासून आनंद माना आणि आणखी तसेच जोड करून फोडा.

वरून धड दिसणाऱ्या पोलादाच्या आत काय घडू शकतं, याचं मोठं उदाहरण दुसऱ्या महायुद्धातलं. अमेरिकेतल्या पोर्टलंडला १६ जानेवारी १९४३ रोजी 'स्केनेक्टडी' हे नवं तेलवाहू जहाज शांत पाण्यात धक्क्याला उभं असताना जवळजवळ दुभंगलं. अशा जहाजांचा अभ्यास झाला तेव्हा थंडीत ठिसूळ होणारं पोलाद, कोपऱ्यांत एकवटलेला ताण आणि सदोष वेल्ड अशी कारणं पुढे आली. शिवाय रिव्हेटच्या, म्हणजे ठोकलेल्या खिळ्यांनी पत्रे जोडलेल्या जहाजात चीर पत्र्याच्या कडेला थांबण्याची शक्यता असते, वेल्डच्या जहाजात सगळे पत्रे एकसंध असल्याने ती धावतच सुटते.

आता जिवाच्या गोष्टी. आर्कच्या अतिनील किरणांनी डोळे भाजतात आणि त्रास काही तासांनी, बहुधा रात्री सुरू होतो. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं वाटतं. रॉडच्या साध्या कामाला हेल्मेटला १० नंबरची गडद काच लागते. बघणाऱ्या मुलांचे डोळेही तितकेच नाजूक, त्यांना लांब ठेवा. कपडे जाड सुती, सिंथेटिक अजिबात नको. धूर टाळा. वेल्डिंगचा धूर कर्करोगकारक आहे असं आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ मध्ये ठरवलं आहे. जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याच्या धुराने ताप भरतो. क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनरने पुसलेल्या लोखंडावर आर्क लावला तर फॉस्जिन हा विषारी वायू तयार होऊ शकतो. इंधनाचा रिकामा पिंप तर कधीच वेल्ड करू नका, आतल्या वाफेचा स्फोट होतो. आणि काम संपल्यावर किमान अर्धा तास जागा सोडू नका. ठिणगी कुठे धुमसत राहील, सांगता येत नाही.

बनवायचं काय? कुंडीचा स्टँड, कामाचं टेबल, मांडणी, किंवा शिल्प. ज्युलिओ गोंझालेझ हा स्पॅनिश कलाकार १९१८ मध्ये रेनोच्या कारखान्यात गॅस वेल्डिंग शिकला आणि दहा वर्षांनी त्याने पिकासोला लोखंडी शिल्पं घडवायला मदत केली. कारखान्यातली कला अशी सहज हौसेच्या वाटेला लागते. मात्र गॅसची टाकी, गाडीचं स्टिअरिंग, ट्रेलर ओढायचा दांडा, मुलांचा झोपाळा यांना हौशी हाताने शिवू नये, हे मी फार कळकळीने सांगते.

आणि एक करा. ओळखीत कुणी व्यवसायाने वेल्डर असेल तर त्यांच्याकडे जा, पण जाताना सर्वांत देखणा जोड नेऊ नका. फोडलेले तुकडे न्या. प्रत्येकावर खडूने अँपिअर लिहून ठेवा. जाणकार माणूस ते हातात घेऊन लगेच सांगेल की कुठे हात घाईने पळाला, कुठे रॉडचा कोन पडला, आणि पुढच्या वेळी करंट किती वाढवायचा.

नमस्कार.