ओळंबा, टेप आणि कसब्यातला एक वाडा

व्हिडिओत हा टक टक आवाज येतोय ना, सुतारकाम नाहीये ते. खांबाची तपासणी चाललीय. कसबा पेठेतला वाडा, बाहेर धो धो पाऊस, आणि सिव्हिलच्या शेवटच्या वर्षाची ही पोरं सागवानी खांबाला हातोडी मारून कान लावून ऐकतायत. चांगलं लाकूड खणखणीत वाजतं, वाळवीनं आतून खाल्लं असेल तर भद्द.

ब्रिटनमध्ये याची वेगळी डिग्रीच असते, बिल्डिंग सर्व्हेइंग, म्हणजे उभ्या इमारतीला नेमकं काय झालंय ते ओळखायचं शिक्षण, तिथली सर्व्हेअर लोकांची संस्थाच १८६८ पासूनची. आपल्याकडे सर्व्हेइंग म्हटलं की थिओडोलाइट (कोन मोजायची दुर्बीण) घेऊन उन्हात मैदानावर. पुण्यात इंजिनिअरिंग १८५४ पासून शिकवतायत, पण सगळा जोर नवीन बांधण्यावर (सर रागावतील, रागावू देत).

टेप बघा. चार भिंती मापून भागत नाही, कर्णही घ्यायचे, कारण वाड्यात खोली काटकोनात सापडली तर पेढे वाटा.

आता ओळंबा, म्हणजे दोरीला टांगलेलं वजन. भिंतीच्या माथ्यावरून बाहेर सोडलाय, वर टेकलेला आणि खाली चार बोटं लांब. भिंत गल्लीकडे झुकलीय. का? मग आतून कडीपाट बघायचा, म्हणजे लाकडी कड्या आणि त्यांवरच्या फळ्यांचा मजला. कडीचं जे टोक भिंतीत शिरतं तिथं स्क्रू ड्रायव्हर लावला तर शिऱ्यात चमचा जावा तसा आत. कधीतरी कुणीतरी हौसेनं चुन्याच्या भिंतीवर बाहेरून सिमेंटचा गिलावा केला, ओल आतच कोंडली, कड्यांची टोकं कुजली, आणि मजल्यानं भिंतीला धरून ठेवलं होतं ती पकडच सुटली. महापालिकेच्या नोटिशीत याचा एकच शब्द होतो, धोकादायक.

"आजी, इथं गळतं का?"
"बादली काय शोभेला ठेवलीय का रे?"

भेगेवर ही काचेची पट्टी, दोन्ही टोकं प्लास्टरमध्ये पक्की, शेजारी पेन्सिलनं तारीख. भेग हलली तर काच तडकते. साधं, स्वस्त, आणि खोटं बोलत नाही.

छपरावरचं शूट पावसामुळे राहिलं.

दोन महिन्यांनी परत गेलो. ही तीच पट्टी. झूम करतो, थांबा... मधोमध तडा. वाड्याची रिडेव्हलपमेंटची बोलणी सुरू आहेत, भाडेकरूंचं अजून ठरलेलं नाही. पोरांनी नवी पट्टी लावली, नवी तारीख टाकली. आजींनी आधी चहा प्या म्हणून टेप काढून घेतली.