आधी छेद, मग अंश

संभाव्यतेची गणितं अडली म्हणून विद्यार्थी वही घेऊन येतात, तेव्हा मला एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. सूत्र बरोबर असतं, आकडेमोडही बरोबर असते. चूक झालेली असते त्याच्या आधीच्या ओळीत, आणि ती ओळ बहुतेक वेळा वहीत लिहिलेलीच नसते. ‘एकूण शक्यता कोणत्या, आणि त्या सगळ्या सारख्या वजनाच्या आहेत का?’ ही ती ओळ. सगळ्यांची धाव अंशाकडे असते, छेद मनातल्या मनात धरून टाकलेला असतो. म्हणून आज मी मुख्यतः छेदाबद्दलच बोलणार आहे.

नाणं दोनदा उडवलं, तर निदान एकदा छापा पडण्याची संभाव्यता किती? अठराव्या शतकातला मोठा फ्रेंच गणिती दालांबेर याने १७५४ साली विश्वकोशातल्या एका नोंदीत याचं उत्तर २/३ असायला हवं असा मुद्दा मांडला. त्याचा विचार असा: पहिल्याच फेकीत छापा पडला तर प्रश्न मिटला, दुसरी फेक करायचं कारणच नाही. नाहीतर आधी काटा आणि मग छापा, किंवा दोन्ही वेळा काटा. शक्यता तीन, अनुकूल दोन. ऐकायला पटतं ना? पण या तिघांचं वजन सारखं नाही. पहिलीचं वजन १/२, उरलेल्या दोघींचं प्रत्येकी १/४. अनुकूल वजनांची बेरीज ३/४ येते. इतक्या मोठ्या माणसाची गल्लत झाली ती बेरजेत नाही. मोजलेल्या गोष्टी समान आहेत असं त्याने धरलं, तिथे ती झाली.

याच धर्तीचा एक प्रश्न त्याच्याही शंभराहून अधिक वर्षं आधी गॅलिलिओकडे आला होता. तीन फासे टाकले, तर बेरीज ९ येण्याचे सहा प्रकार आहेत आणि १० येण्याचेही सहाच. मग खेळणाऱ्यांना १० जास्त वेळा का दिसतं? हे प्रकार लिहून बघा, मी नुसतं सांगून चालणार नाही. ९ साठी १-२-६, १-३-५, १-४-४, २-२-५, २-३-४, ३-३-३. १० साठी १-३-६, १-४-५, २-२-६, २-३-५, २-४-४, ३-३-४. आता फाशांना तीन वेगळे रंग द्या. १-२-६ सहा तऱ्हांनी पडू शकतं, १-४-४ तीन तऱ्हांनी, आणि ३-३-३ फक्त एकाच तऱ्हेनं. बेरजा करा: ९ साठी २५, १० साठी २७, आणि छेद ६×६×६ म्हणजे २१६. फरक एक टक्क्याहूनही कमी, पण तो लोकांच्या नजरेला आला होता, याचं मला अजून कौतुक वाटतं. रंग देण्याची ही सवय लावून घ्या. फासे दिसायला सारखे असले तरी ते वेगवेगळे फासे असतात, हे रंगामुळे विसरायला होत नाही.

‘निदान एक’ असे शब्द दिसले की उलट बाजूने मोजावं, म्हणजे एकही न येण्याची संभाव्यता काढून ती १ मधून वजा करावी, हे तुम्हाला माहीत आहे. एका फाशाच्या चार फेकींत निदान एक सहा येण्याची संभाव्यता १ वजा (५/६) चा चौथा घात, म्हणजे सुमारे ०.५१८. दोन फाशांच्या २४ फेकींत निदान एकदा सहाची जोडी येण्याची मात्र सुमारे ०.४९१. १६५४ साली पास्कल आणि फर्मा या फ्रेंच गणितींचा जो पत्रव्यवहार झाला, त्यात हाही प्रश्न आहे. तो इथेच सोडतो, कारण मला सशर्त संभाव्यतेसाठी वेळ हवा आहे.

‘दिलेलं आहे की…’ हे शब्द आले की छेद बदलतो. सशर्त संभाव्यतेचं सगळं मर्म एवढंच आहे. दोन फासे टाकले, एक लाल, एक निळा. लाल फाशावर सहा आहे असं कळलं, तर दोन्हींवर सहा असण्याची संभाव्यता १/६. पण ‘दोहोंपैकी निदान एकावर सहा आहे’ एवढंच कळलं, तर १/११. कारण ३६ पैकी अशा जोड्या ११ आहेत. दोन्ही वाक्यं कानाला जवळजवळ सारखी लागतात, पण पहिलं आपल्यासमोर सहा जोड्या ठेवतं आणि दुसरं अकरा.

आता ज्या प्रश्नात डॉक्टरसुद्धा अडखळतात, तो घेऊ. एक आजार शंभरात एकाला आहे. चाचणी आजाऱ्यांपैकी ९० टक्के लोकांना पकडते, आणि निरोग्यांपैकी ५ टक्के लोकांनाही चुकून आजारी ठरवते. एकाची चाचणी सकारात्मक आली. त्याला आजार असण्याची संभाव्यता किती? सूत्राला हात लावू नका. १०,००० माणसं डोळ्यासमोर आणा. आजारी १००, त्यांतले ९० पकडले गेले. निरोगी ९,९००, त्यांतले ४९५ नाहक सापडले. सकारात्मक एकूण ५८५, त्यांत खरे आजारी ९०. उत्तर सुमारे १५ टक्के. जो ९० टक्के म्हणतो, त्याचा अंश बरोबर आहे. त्याच ९० माणसांना त्याने १०० ने भागलं, ५८५ ने भागायचं होतं.

अनुमानाकडे, म्हणजे हाती आलेल्या आकड्यांवरून निष्कर्ष काढण्याकडे, वळताना हीच गल्लत पुन्हा समोर येते, म्हणून मी इतका वेळ घेतला. संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशरने १९३५ च्या आपल्या पुस्तकात एक प्रयोग मांडला आहे. एका बाईंचं म्हणणं, कपात दूध आधी ओतलं की चहा, हे चवीवरून ओळखता येतं. आठ कप, चारांत दूध आधी, चारांत चहा आधी, क्रम यदृच्छ. बाईंनी ‘दूध आधी’चे चार कप निवडायचे. त्यांना काहीच ओळखता येत नाही असं धरा, ही शून्य परिकल्पना. मग आठांतून चार निवडण्याच्या ७० तऱ्हा समान वजनाच्या होतात, आणि सगळे अचूक येण्याची संभाव्यता १/७०, म्हणजे ०.०१४. चारांतले तीनच बरोबर आले तर? अशा तऱ्हा १६, त्यांत पूर्ण अचूक असलेली एक मिळवा: १७/७०, जवळपास २४ टक्के. एका कपाच्या चुकीने पुरावा इतका ढासळतो. आणि आठऐवजी सहाच कप ठेवले असते, तर छेद २० झाला असता, सर्व अचूक ओळखूनही संभाव्यता ०.०५ च्या खाली गेली नसती. किती पुरावा मिळू शकेल हे पहिला घोट घेण्याआधीच ठरलेलं होतं.

हे १/७० म्हणजे पी-मूल्य: शून्य परिकल्पना खरी धरली, तर इतका किंवा याहून टोकाचा निकाल येण्याची संभाव्यता. ‘बाई नुसता अंदाज करत असण्याची संभाव्यता १/७०’ असं ते सांगत नाही. त्यातला ७० हा छेदच मुळी नुसता अंदाज आहे असं धरून काढलेला आहे. ते वाक्य उलटवलं, की आपण पुन्हा ५८५ च्या जागी १०० ठेवले.

शेवटचा प्रश्न. नाणं १०० वेळा उडवलं, ६० छापे पडले. नाणं समतोल असेल तर अपेक्षा ५०, आणि प्रमाण विचलन, म्हणजे अपेक्षेपासून साधारण किती इकडेतिकडे होतं त्याचं माप, ५. म्हणजे आपण दोन विचलनं दूर आहोत, आणि प्रसामान्य वक्रावरून, म्हणजे घंटेच्या आकाराच्या सलग वक्रावरून, दोन्ही बाजूंचं पी-मूल्य ०.०४६ येतं. पण द्विपदी वितरणातून, म्हणजे छाप्यांच्या प्रत्येक संख्येची संभाव्यता वेगवेगळी काढून, नेमकं मोजलं तर ०.०५७. सलग वक्राने ६० च्या पट्टीचा अर्धा भाग कापून टाकला, ती पट्टी ५९.५ पासून सुरू होते. एकाच निरीक्षणावर एका वहीत ‘सार्थक’ आणि दुसरीत ‘असार्थक’ लिहिलं जातं. कारण पी-मूल्य ०.०५ च्या खाली असेल तर ‘सार्थक’ म्हणायचा प्रघात आहे. म्हणून मी ०.०५ च्या रेषेवर निकाल टांगू देत नाही. मूल्य लिहा, आणि सोबत छाप्यांच्या खऱ्या प्रमाणासाठी ९५ टक्क्यांचा विश्वास-अंतराल लिहा: ०.५०४ ते ०.६९६. हे ९५ कशापैकी? हाच १०० फेकींचा प्रयोग पुन्हा पुन्हा केला, तर दर वेळी वेगळा अंतराल मिळेल, आणि अशा अंतरालांपैकी सुमारे ९५ टक्के अंतराल खऱ्या प्रमाणाला सामावून घेतील. आपल्या हातात त्यांतला एक आहे.