एव्हलिन बोटीवर का चढली नाही?

अध्यक्ष महोदय आणि मित्रहो,

आयरिश लेखक जेम्स जॉइसची 'एव्हलिन' ही कथा तुम्ही सगळे वाचून आला आहात असं मी धरून चालतो. ज्यांनी वाचली नसेल त्यांनी शेजाऱ्याकडे बघून मान डोलवावी, तेवढ्यावर भागतं. डब्लिनमधली एकोणीस उलटलेली मुलगी, तापट बाप, आणि फ्रँक नावाचा खलाशी. तो म्हणतो, ब्युनॉस आयर्सला चल, लग्न करू. ती नॉर्थ वॉलच्या धक्क्यापर्यंत जाते आणि ऐन वेळी कठडा धरून उभी राहते. कथा संपते आणि भांडणं सुरू होतात.

आमच्या वाचक मंडळात तर दोन तटच पडले. तरुण पोरं म्हणाली, 'घालवली संधी!' त्यांच्या आया म्हणाल्या, 'वाचली बिचारी.' आयांच्या बाजूला एक मोठा समीक्षकही आहे बरं का. सत्तरच्या दशकात ह्यू केनरने दाखवून दिलं की डब्लिनच्या नॉर्थ वॉलहून सुटणाऱ्या बोटी इंग्लंडमधल्या लिव्हरपूलला जायच्या, ब्युनॉस आयर्सला नव्हे. म्हणजे फ्रँक भामटा, तिला तिथेच सोडून देणार!

यावर आमच्यातले एक काका भडकले. जन्म व्यापारी जहाजांवर गेलेला माणूस. "थेट बोट कशाला हवी? लिव्हरपूलला मोठी बोट पकडायची. रत्नागिरीचा माणूस आखातात जातो, तो काय मिऱ्या बंदरातून?" मग फ्रँक ज्या ॲलन लाइनच्या जहाजावर लागलो म्हणतो ती खरी कंपनी होती, डेकवरच्या पोऱ्याला महिना एक पौंड पगार पटण्यासारखा आहे, असं बरंच काही झालं. चहा आला, गार झाला, काका थांबेनात. शेवटी एका बाईंनी विचारलं, "आणि फ्रँक दक्षिण अमेरिकेच्या टोकाकडच्या पॅटागोनियातल्या भयंकर माणसांच्या गोष्टी सांगतो, त्या?" काका म्हणाले, "छे हो, मुलीसमोर कुठला खलाशी खरं बोलतो?" अख्खा बचाव त्या एका वाक्यात बुडाला.

...हो, मिळाली चिठ्ठी. पाच मिनिटं. आणि मुख्य मुद्दा राहिलाच आहे.

फ्रँक खरा की खोटा, हे ठरवायला कथेत सोयच नाही. तो दिसतो तो एव्हलिनच्या आठवणींतून. पण तिच्या शनिवारचा हिशेब मात्र जॉइस चोख देतो. सात शिलिंगचा सगळा पगार ती घरात देते. बापाकडून पैसे निघता निघत नाहीत. तू उधळी आहेस, हे वर ऐकायचं. शेवटी तो पैसे काढतो आणि विचारतो, रविवारच्या जेवणाचं सामान आणायचा विचार आहे की नाही? मग ही काळी चामडी पर्स घट्ट धरून, कोपरांनी गर्दी सारत बाजार करते. दोन लहान मुलंही तिच्यावरच सोपवलेली. जाच आहे, पण घर चालतं ते तिच्यामुळे, आणि हे तिला पक्कं ठाऊक आहे. फ्रँकबद्दल विचार करताना लग्नानंतर लोक मान देतील, हे तिच्या मनात आधी येतं. प्रेम त्यानंतर, तेही मिळालं तर. आपण मात्र दोन पुरुषांतला बरा कोण, एवढंच मोजत बसतो.

शेवटचं, घाईत. ही कथा १० सप्टेंबर १९०४ला छापून आली. ८ ऑक्टोबरला त्याच नॉर्थ वॉलवरून जॉइस आणि त्याची प्रेयसी नोरा बार्नॅकल निघून गेले. नोराला लग्नाचं वचन नव्हतं; लग्न झालं थेट १९३१ साली. एव्हलिनला वचन होतं. पुरुषाच्या शब्दावरच सगळं ठरत असतं, तर गेली असती एव्हलिन आणि मागे राहिली असती नोरा. पण नोरा गॉलवेचं घर सोडून आधीच डब्लिनला आली होती, फिन्स हॉटेलात खोल्या आवरत होती. तिच्या शनिवारच्या बाजारावर कुणाचं रविवारचं जेवण अडलेलं नव्हतं.