भाकरीचा हिशोब कुठल्या रकान्यात?

नमस्कार मंडळी. आज बोलायचंय ते टाउनशिपबद्दल, म्हणजे सरकार जेव्हा नवीन शहर वसवतं तेव्हा तिथल्या माणसांच्या पोटापाण्याचं काय ठरवतं त्याबद्दल. लांब जायची गरज नाही, आपली नवी मुंबई घ्या.

१९६५ च्या सुमाराला चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी कल्पना मांडली की मुंबई उत्तरेकडे नुसती लांबत चाललीय, तर खाडीपलीकडे दुसरं शहर करा. १९७० मध्ये सिडको, म्हणजे हे नवं शहर वसवणारं सरकारी महामंडळ, स्थापन झाली, ठाणे-पनवेल-उरण पट्ट्यातली ९५ गावं, ३४४ चौरस किलोमीटर जमीन. आणि यातली मुख्य गोष्ट कान देऊन ऐका, नुसती घरं बांधायची नव्हती, काम आणायचं होतं. काम आलं की माणूस येतो. सरकारी कचेऱ्या बेलापूरला नेणार, घाऊक बाजार वाशीला नेणार, असं सगळं ठरलेलं.

कचेऱ्या किती गेल्या ते तुम्हाला माहितीच आहे. मंत्रालय जागचं हललं नाही, उलट तिकडे नरिमन पॉइंटला समुद्रात भराव टाकून टॉवर उभे राहिले. माझं स्पष्ट मत आहे, एका हाताने माणसांना पलीकडे जा म्हणायचं आणि दुसऱ्या हाताने अलीकडेच खुर्च्या मांडायच्या याला प्लॅनिंग म्हणत नाहीत. असो.

बाजार मात्र आला. आधी कांदा-बटाटा, मग मसाला, धान्य, भाजी, फळं. (फळांवरून आठवलं, कर्नाटकचा आंबा देवगडच्या पेटीत घालून विकणाऱ्यांचं काय करावं हा वेगळा कार्यक्रम होईल, पण आज नको.) बाजाराबरोबर माथाडी कामगार आले, आपले सातारा, सांगली, जुन्नरकडचे. त्यांच्यासाठी कोपरखैरण्याला छोटी छोटी बैठी घरं झाली. आणि आता मला जी गोष्ट सांगायचीय ती तिथलीच.

आमच्या शेजारी एक मावशी राहायच्या, मूळ पाटणकडच्या. काका कांदा-बटाटा मार्केटात, माथाडींच्या टोळीत. त्या टोळीतले निम्मे लोक एकटे राहायचे, बायकापोरं गावाला. पहाटेपासून गोण्या उतरवायच्या म्हणजे भूक काय लागत असेल बघा, आणि तेव्हा त्या बाजूला धड खाणावळ नव्हती. मावशींनी काकांच्या डब्यात दोन भाकऱ्या जास्त बांधायला सुरुवात केली, मग चार, मग दहा, आणि वर्षभरात असं झालं की रोज चाळीसेक डबे. ज्वारीची भाकरी, पिठलं नाहीतर आमटी, कांदा, ठेचा. दोन स्टो रॉकेलचे, एकावर तवा कायम. सून पीठ मळून द्यायची आणि मावशी थापायच्या, पीठ संपत आलं की हात आपोआप हळू व्हायचा, शेवटची भाकरी नेहमी छोटी निघायची आणि ती आम्हा पोरांना. हिशोब सगळा कॅलेंडरवर. मुकादमाच्या नावाखाली पेन्सिलीच्या रेघा, शनिवारी पैसे, रेघा खोडल्या.

तर एक दिवस एक साहेब आले. कसला तरी सर्व्हे होता, घरात माणसं किती, कोण काय करतं, उत्पन्न किती. दुपारचा एक वाजलेला, ऊन मी म्हणत होतं. साहेबांनी पाणी मागितलं, पाणी पिता पिता वास आला, म्हणाले मावशी, इथे जवळ हॉटेल कुठलं? मावशी म्हणाल्या, हाटील कशाला, बसा की. बसले कांद्याच्या गोणीवर. तीन भाकऱ्या खाल्ल्या माणसाने! वर ठेचा मागून घेतला. हात धुतले, खिशातून नोट काढली, किती झाले विचारलं, मावशींनी सांगितलं, सुटे परत दिले, सगळं रीतसर.

मग फॉर्म. काकांचं काय काम? माथाडी. लिहिलं. तुमचं? मावशी म्हणाल्या, "माझं कसलं वं काम सायेब, भाकऱ्या थापती." साहेबांनी मान डोलावली, काहीतरी लिहिलं, कागद सहीला पुढे केला. मावशींना वाचता यायचं नाही, मी सातवी-आठवीत असेन, मला हाक मारली, वाच म्हणाल्या. मी वाचलं, मावशी, तुमच्या नावापुढे लिहिलंय गृहिणी, आणि उत्पन्नाच्या जागी आडवी रेघ.

मावशींनी त्या साहेबाकडे पाहिलं, हातातल्या नोटेकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "मग आत्ता पैसं कुणाला दिलंसा?"

साहेब हसले. पण रेघ तशीच राहिली, फॉर्ममध्ये गृहिणीपुढे उत्पन्न लिहायची सोयच नव्हती म्हणे.

ही गोष्ट मी कितीही वेळा सांगू शकतो, पण वेळ संपत आलाय म्हणून मुद्दा सांगतो. जे मोजलं जात नाही त्याला नकाशात जागा मिळत नाही. परत सांगतो, जे मोजलं नाही त्याला जागा नाही. घाऊक बाजाराच्या प्लॅनमध्ये गाळे होते, ट्रक उभे करायला जागा होती, पण गोण्या उचलणाऱ्याने जेवायचं कुठे आणि ते कोण रांधणार हा विचार कुठे होता? दुकानाचा प्लॉट घ्यायचा तर टेंडर, जो जास्त बोली लावेल त्याचा. मावशी कुठून लावणार बोली? त्यांनी ओट्यावर पत्रा टाकला आणि तो पत्रा अनधिकृत ठरला.

पुढे सुधारणा झाली, नाही असं नाही. २०१४ ला पथविक्रेत्यांचा कायदा आला, त्यात फेरीवाल्यांचा सर्व्हे करायचा, शहराच्या पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के जागा फेरीवाल्यांच्याच प्रतिनिधींना, असं लिहिलंय. २०२० मध्ये स्वनिधी योजना आली, तेव्हा पहिलं कर्ज दहा हजारांपर्यंतचं होतं. चांगलंच आहे, पण हे रस्त्यावर विकणाऱ्यांसाठी. घरात बसून डबे करणारी बाई त्यात बसेलच असं नाही. तिच्यासाठी ई-श्रम पोर्टल आहे, २०२१ पासून, घरबसल्या काम करणाऱ्यांचीही नोंद तिथे होते.

आणि २०२७ ची जनगणना येतेय. दारात बाई किंवा माणूस येईल, काम काय विचारेल. डबे, पापड, शिवणकाम, शिकवण्या, जे काय असेल ते सांगा, किती पैसे येतात ते कुणी विचारलं नाही तरी काम करते हे सांगा. आणि जेवणाच्या वेळेला आले असतील तर आधी कागद वाचून घ्या, ताट नंतर वाढा. नमस्कार.