अक्षरांची घरं

श्रोतेहो, नमस्कार.

कब्बाला, म्हणजे ज्यूंची गूढविद्या, शिकायची म्हणून मी आधी काय हातात घेतलं असेल, तर मुलीच्या कंपासपेटीतलं कर्कटक. इंटरनेटवर हा शब्द टाकला की आकृत्याच समोर येतात. एकमेकांत गुंतलेली वर्तुळं, त्यातून उमललेली फुलं, तेरा वर्तुळांचे मध्य जोडून केलेला 'मेटाट्रॉनचा घन'. मीही तेरा वर्तुळं काढली, दोनदा कागद फाडला, पण आकृती झकास जमली. पुढे वाचायला लागलो तेव्हा कळलं की मेटाट्रॉन या देवदूताचं नाव ज्यू ग्रंथांत जुनं आहे, आकृतीला ते चिकटलं मात्र फार उशिरा. 'सेक्रेड जॉमेट्री', म्हणजे पवित्र भूमिती, म्हणून जे विकलं जातं, त्यातलं बरंचसं असंच विसाव्या शतकात जुळवलेलं. दिसायला सुंदर आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण नवशिक्यानं कर्कटक पेटीत ठेवावं आणि अक्षरांपासून सुरुवात करावी, असं माझं मत. रेडिओवर ते सोयीचंही आहे.

हिब्रूत अक्षरं बावीस, आणि प्रत्येकाला किंमत. आलेफ 1, बेत 2, असं पुढे. प्रेमाला तिथे 'अहवा' म्हणतात. आलेफ, 'हे', बेत, 'हे'. म्हणजे 1, 5, 2, 5. झाले 13. 'एक' या अंकाला म्हणतात 'एखाद'. आपल्या 'एखादा'शी त्याचं काही नातं नाही, पण लक्षात ठेवायला बरं. आलेफ 1, खेत 8, दालेत 4. पुन्हा 13! दोन्ही मिळून 26. आणि देवाचं जे चार अक्षरी नाव ज्यू माणूस तोंडानं उच्चारत नाही, त्या योद, 'हे', वाव, 'हे' यांची बेरीज 10, 5, 6, 5, म्हणजे तीही 26. या हिशेबाला गेमात्रिया म्हणतात. यानं सिद्ध काहीच होत नाही, हे मलाही कळतं. तरी पहिल्यांदा बेरीज जुळली तेव्हा मी ती पुन्हा करून पाहिली.

कब्बाला म्हणजे 'परंपरेनं हाती आलेलं'. तिचा मोठा ग्रंथ जोहार तेराव्या शतकाच्या अखेरीस स्पेनमध्ये पुढे आला, तोही मुख्यतः अरामी भाषेत. सोळाव्या शतकात गॅलिलीतल्या 'सफेद' नावाच्या गावात आयझॅक लुरिया या ज्यू गुरूनं कब्बालाला नवं वळण दिलं. आणि पुणेकरांनो, एकोणिसाव्या शतकात या जोहारचा एक भाग आपल्या पुण्यात अरबी भाषांतरासह छापला गेला! छापणारे एझिकेल हे बगदादी ज्यू आणि थिऑसॉफिस्ट, म्हणजे सगळ्या धर्मांतलं गूढज्ञान शोधणाऱ्या मंडळींपैकी. गुप्त विद्या अशी उघड्यावर आणली म्हणून त्यांच्याच समाजातले धर्मगुरू खवळले होते.

आता भूमिती. जोहारपेक्षा जुना, जेमतेम काही पानांचा एक ग्रंथ आहे, सेफेर येत्सिरा. त्यात दहा 'सेफिरोत', म्हणजे सृष्टीच्या मुळाशी असलेले दहा अंक, आणि बावीस अक्षरं, मिळून ज्ञानाच्या बत्तीस वाटा. दहा वर्तुळं आणि बावीस रेघांचं ते प्रसिद्ध 'जीवनवृक्षा'चं चित्र पुष्कळ नंतरचं. गंमत म्हणजे कोणती रेघ कुठून कुठे जाते यावर परंपरांचं एकमत नाही. आकडे तेच, चित्र वेगळं.

त्याच ग्रंथात अक्षरांना दगड म्हटलंय आणि शब्दांना घरं. दोन दगडांची दोन घरं होतात, तीन दगडांची सहा. आपल्या अक्षरांत करून बघा. 'रमण' घ्या. रमण, रणम, मणर, णरम, णमर... आणि सहावं घर, मरण. दगड तेच! ग्रंथात देवाच्या नावातली तीन वेगळी अक्षरं, योद, 'हे' आणि वाव, अशीच सहा प्रकारे फिरवून वर, खाली आणि चार दिशांवर मोहर उमटवली आहे. अवकाशाच्या सहा बाजू बंद झाल्या, आणि कर्कटक लागलंच नाही.

आज रात्री आपलं नाव घेऊन बसा. अक्षरं वेगवेगळी असतील, तर चार अक्षरांची चोवीस घरं एका पानावर मावतात. पाचांची 120, तिथे वही लागते. ग्रंथ सातापर्यंत मोजतो, 5040. मिनिटाला एक घर बांधलं, तरी न झोपता साडेतीन दिवस. आणि हिब्रूत अक्षरं आहेत बावीस.